साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय : चार्ल्स कोरिया यांच्या कारकिर्दीचा पाया

अहमदाबादला साबरमती आश्रमात येणारा माणूस गांधीजींचे राहते घर, म्हणजे हृदयकुंज, पाहण्यासाठी येतो आणि त्याच आवारातले गांधी स्मारक संग्रहालय त्याला जाता जाता भेटते. छायाचित्रे, पत्रे आणि वचने यांवरून नजर फिरवून तो पुढे निघतो. ज्या इमारतीतून आपण चाललो ती स्वतंत्र भारतातल्या आधुनिक वास्तुकलेची एक महत्त्वाची कृती आहे, हे त्याच्या लक्षात येतेच असे नाही. संग्रहालय म्हणून ही इमारत पाहणाऱ्याला काय देते, कुठे कमी पडते, आणि ती रचणारे वास्तुकार चार्ल्स कोरिया यांचे काम समजून घ्यायचे असेल तर सुरुवात इथूनच का करावी, एवढे मला या परीक्षणात मांडायचे आहे. माझे मत आधीच नोंदवतो. कोरिया यांनी पुढे याहून कितीतरी मोठ्या आणि गाजलेल्या इमारती उभ्या केल्या. परंतु त्यांच्या मनातला जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा विचार या पहिल्या मोठ्या कामात आधीच पूर्णपणे उतरलेला आहे, आणि तोही अशा साधेपणाने, की पुढच्या काही भव्य कामांत तो साधेपणा मला पुन्हा सापडला नाही.

मांडणी समजायला सोपी आहे. सहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद असा चौरस हे या इमारतीचे मूळ माप आहे आणि असे ५१ चौरस एकमेकांना जोडून ती तयार झाली आहे. त्यांतल्या काहींना भिंती घालून दालने केलेली आहेत, काही चारी बाजूंनी मोकळे आहेत, त्यांच्या अधूनमधून उघडी अंगणे येतात आणि मध्यावरच्या एका चौकात पाणी आहे. भव्य प्रवेशद्वार नाही, समोरासमोर तोललेल्या दोन बाजू नाहीत, आणि पाहणाऱ्याने अमुक दालनातून तमुक दालनात जावे अशी सक्तीही नाही. एका छपराखालून दुसऱ्या छपराखाली जाताना मध्येच ऊन लागते, मध्येच झाडाची सावली येते, पाण्याच्या कडेला थोडे थांबावेसे वाटते, आणि मग पुढच्या दालनातल्या छायाचित्राकडे पाय आपोआप वळतात. संग्रहालयात फिरताना थकवा येतो तो बहुतेक वेळा चालण्याने येत नाही, सलग पाहण्याने येतो. इथे डोळ्यांना दर काही पावलांवर विसावा मिळतो, म्हणून एरवी पंधरा मिनिटांत कंटाळणारी लहान मुलेही इथे रमतात. संग्रहालयाने पाहणाऱ्याची घेतलेली ही काळजी मला त्याचा पहिला मोठा गुण वाटतो.

बांधणीकडे थोडे बारकाईने पाहावे. चौरसाच्या कोपऱ्यांवर विटांचे भक्कम खांब आहेत. त्या खांबांवर काँक्रीटच्या तुळया टेकलेल्या आहेत. या तुळया भरीव नसून वरून पन्हळीसारख्या खोलगट आहेत. त्या दोन्ही बाजूंच्या छपरांचे ओझे पेलतात आणि त्याच वेळी त्या छपरांवरून ओघळणारे पावसाचे पाणीही वाहून नेतात. प्रत्येक चौरसावर चारी बाजूंनी उतरते कौलारू छप्पर आहे, पायाखाली दगडी फरशी आहे आणि दारे लाकडाची आहेत. खिडक्यांना काच कुठेही नाही. तिच्या जागी हलवता येणाऱ्या लाकडी पट्ट्यांच्या झडपा आहेत, ज्यांतून वारा आत येतो आणि उन्हाची तिरीप मात्र मोडून येते. वीट, कौल, दगड आणि लाकूड ही सामग्री आश्रमातल्या जुन्या घरांचीच आहे. त्यांत नवे आहे ते काँक्रीट, आणि तेही जिथे त्याच्यावाचून भागत नव्हते तिथेच, तुळयांपुरते वापरलेले. एका तुळईला दोन कामे देण्याची ही काटकसर मला केवळ तांत्रिक चातुर्य वाटत नाही. वापरलेल्या पाकिटाच्या पाठीवर पत्राचा मसुदा लिहिणाऱ्या माणसाचे हे स्मारक आहे. त्याच्या छपराला ती शोभते.

हे काम हाती आले तेव्हा कोरिया २८ वर्षांचे होते. त्यांचा जन्म १ सप्टेंबर १९३० रोजी सिकंदराबाद येथे मूळच्या गोव्याच्या कुटुंबात झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकून ते अमेरिकेत आधी मिशिगन विद्यापीठात आणि मग मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये वास्तुकला शिकले. मिशिगनला त्यांना अमेरिकन रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांच्यासारख्या कल्पक माणसाचे मार्गदर्शन लाभले. लहानपणी त्यांना खेळण्यातल्या आगगाड्यांचे वेड होते. रूळ कुठे वळवावेत, कुठे एकमेकांना छेदू द्यावेत, याचे नकाशे काढता काढता आपल्याला वास्तुकलेची भाषा कळू लागली, असे ते पुढे आवर्जून सांगत. संग्रहालयाचा नकाशा पाहताना मला ही आठवण फार बोलकी वाटते, कारण वाट कशी वळते आणि वळणावर काय दिसते हा त्या नकाशाचा गाभा आहे. दर्शनी भाग कसा दिसतो ही गोष्ट त्यात दुय्यम आहे. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचे कार्यालय सुरू केले आणि त्याच सुमारास हे काम त्यांच्याकडे आले.

त्या वेळी एका तरुण वास्तुकारापुढचा मोह किती मोठा असेल, याचा विचार करावा. राष्ट्रपित्याचे स्मारक उभारायचे आणि तेही ज्या आश्रमातून १२ मार्च १९३० रोजी ७८ सहकाऱ्यांसह दांडीयात्रा निघाली त्या जागेवर. घुमट, उंच स्तंभ, संगमरवर, पायऱ्यांची रांग असे सगळे मागायला लोक तयारच असतात. शिवाय याच साबरमतीच्या काठी १९५४ मध्ये जगप्रसिद्ध वास्तुकार ल कॉर्ब्यूझिए यांनी बांधलेली गिरणीमालक संघटनेची इमारत उभी होती. उघड्या काँक्रीटचे तिचे सामर्थ्य पाहून त्या पिढीतले अनेक भारतीय वास्तुकार भारावले होते, आणि कोरियाही त्या प्रभावापासून दूर नव्हते. दिल्लीच्या १९६१ च्या औद्योगिक प्रदर्शनात हिंदुस्थान लिव्हरसाठी अभियंते महेंद्र राज यांच्या साथीने त्यांनी चुरगळलेल्या कागदासारख्या घड्यांचे जे काँक्रीटचे दालन उभे केले, त्यात नाट्य आणि जोश भरपूर होता. तोच माणूस त्याच वर्षांत साबरमतीला मात्र हृदयकुंजाच्या छपराची उंची आणि त्याच्या पडवीचे माप मनात धरून बैठी, हळू आवाजात बोलणारी इमारत रचत होता. १० मे १९६३ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले.

या इमारतीवर अमेरिकन वास्तुकार लुई कान यांची छाया आहे, असे अनेक समीक्षकांनी म्हटले आहे आणि ते खरे आहे. कान यांनी १९५५ मध्ये अमेरिकेतल्या ट्रेंटन येथे पोहणाऱ्यांसाठी जी छोटी वास्तू बांधली, तीत मोकळ्या चौकाभोवती चार चौरस खोल्या आणि त्यांवर उतरती छपरे अशीच योजना होती. मात्र घेतलेल्या गोष्टीचे कोरिया यांनी काय केले, हे पाहिले पाहिजे. ट्रेंटनची रचना काटेकोर समतोलाची, स्वतःत पूर्ण झालेली आहे. साबरमतीला तो समतोल सोडून दिला आहे, आणि चौरस गावातल्या घरांसारखे गरजेप्रमाणे एकमेकांना लागत गेले आहेत. उद्या संग्रह वाढला तर त्याच तुळयांना आणखी चौरस जोडता यावेत, अशी सोयही आराखड्यातच आहे. स्मारक म्हटले की ते कायमचे पूर्ण झालेले असते, असा आपला समज असतो. वाढू शकणारे स्मारक ही कल्पना मला आजही नवी वाटते.

आता आतल्या प्रदर्शनाविषयी. प्रवेशाला तिकीट नाही. ‘माझे जीवन हाच माझा संदेश’ या नावाच्या दालनात मोठी चित्रे आणि छायाचित्रे यांतून गांधीजींचा जीवनपट उलगडतो, आणि दुसऱ्या एका दालनात १९१५ ते १९३० या त्यांच्या अहमदाबादमधल्या वर्षांची माहिती आहे. संस्थेच्या संग्रहात सुमारे ३४ हजार पत्रे आहेत, शिवाय हस्तलिखिते, छायाचित्रांच्या मूळ प्रती आणि मोठे ग्रंथालय आहे. अभ्यासकासाठी हे ठिकाण म्हणजे गांधी-अभ्यासाचे मूळ स्थान होय. सामान्य पाहणाऱ्याला यातले थोडेच दिसते, पण जे दिसते ते शांतपणे वाचता येते. मराठी वाचकाला इथे आणखी एक जवळीक जाणवेल. आवारातच विनोबांची कुटी आहे, जिथे पुढे मीराबहनही राहिल्या. काकासाहेब कालेलकर याच आश्रमातले, आणि आश्रमाच्या प्रार्थनेला सूर देणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्यही इथलेच. संग्रहालयातून बाहेर पडून उपासनाभूमीकडे जाताना ही नावे मनात असली, तर भेटीला वेगळी खोली येते.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. ज्या मोकळेपणाची मी इतकी स्तुती केली, तोच संग्रहालय म्हणून या इमारतीचा सर्वांत अवघड भाग आहे. कागदाचे शत्रू म्हणजे धूळ, दमट हवा आणि ऊन; काच नसलेल्या, वाऱ्याला आमंत्रण देणाऱ्या रचनेत या तिघांनाही वाट मोकळी असते. मूळ दस्तऐवज दीर्घकाळ टिकवायचे तर तापमान आणि आर्द्रता ताब्यात ठेवणारी बंदिस्त जागा लागते, आणि ती या वास्तूच्या स्वभावात बसत नाही. प्रदर्शन मोकळ्या छपराखाली आणि मूळ कागद दुसरीकडे सुरक्षित, अशी विभागणी हाच अशा इमारतीपुढचा शहाणा मार्ग आहे. दुसरी मर्यादा हवेची. अहमदाबादचा मे महिना ४० अंशांच्या वर जातो. छप्पर, पाणी आणि वारा यांनी उन्हाळा सुसह्य होतो, पण दुपारी दोन वाजता तो सुखद होत नाही. थंड हवेच्या यंत्राची सवय झालेल्यांनी ही अपेक्षा घेऊन येऊ नये. तिसरी गोष्ट प्रकाशाची. झडपांतून येणारा उजेड फार सुंदर असतो, पण तो दिवसभर सारखा नसतो, आणि भिंतीवरचा बारीक मजकूर वाचताना वयस्कर डोळ्यांना त्रास होऊ शकतो. या तिन्ही उणिवा एकाच निवडीतून आलेल्या आहेत आणि ती निवड बदलली असती तर ही इमारत उरलीच नसती. म्हणून त्या लपवू नयेत, पण त्यांच्यासाठी इमारतीला दोषही देऊ नये, असे मला वाटते.

कोरिया यांच्या पुढच्या कामाकडे इथून पाहिले की अनेक धागे सुटे होतात. उष्ण हवेच्या देशात माणसाला दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या प्रकारचा आडोसा हवा असतो, पहाटे आणि संध्याकाळी तर आकाशाखालची उघडी जागाच सर्वांत सुखाची असते, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह होता. वास्तूचे रूप हवामानातून घडते, असे ते म्हणत. अहमदाबादलाच १९६०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी नळीसारखे लांबट घर बांधले. त्याच्या उतरत्या छपराच्या माथ्यावर फट होती; तापलेली हवा वर चढून तिथून बाहेर पडे आणि खालून ताजी हवा आत ओढली जाई. मूळ योजना कमी खर्चाच्या घरांच्या स्पर्धेसाठी केलेली होती आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले होते. १९९५ मध्ये ते घर पाडले गेले, ही आपल्या वास्तुवारशाची मोठी हानी आहे. वीज न वापरता घर थंड ठेवण्याची गरज आज तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि त्या उत्तराचा चालताबोलता नमुना आपण गमावून बसलो.

मुंबईतली कांचनजंगा ही इमारत तर सर्वांना लांबून माहीत असते. १९७० मध्ये सुरू होऊन १९८३ मध्ये पूर्ण झालेली, २८ मजल्यांची, सुमारे ८४ मीटर उंचीची ही इमारत अवघ्या ३२ श्रीमंत कुटुंबांसाठी आहे. समुद्राचा वारा आणि शहराचा देखावा पूर्व-पश्चिम दिशांना आहे, पण ऊन आणि पाऊसही तिकडूनच मारा करतात. जुन्या बंगल्यांनी या प्रश्नाला व्हरांड्याचे उत्तर दिले होते, आणि कोरिया यांनी तोच व्हरांडा दोन मजले उंच गच्चीच्या रूपाने इमारतीच्या कोपऱ्यांत कोरून वर नेला. साबरमतीच्या मोकळ्या चौरसाची ही उभी रचलेली आवृत्ती आहे, असे मला वाटते. तिची कल्पकता मान्य करूनही माझे मन मात्र बेलापूरकडे ओढ घेते.

बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज १९८३ ते १९८६ या काळात झाले. आठ मीटर लांबी-रुंदीच्या अंगणाभोवती सात घरे, अशा तीन गटांची मिळून २१ घरे आणि त्यांच्यामध्ये थोडे मोठे अंगण, मग त्याहून मोठी वस्ती, अशी ती पायरीपायरीने वाढत जाते. प्रत्येक कुटुंबाला स्वतःची जमीन आहे, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, त्यामुळे ज्याला जमेल तसे त्याने घर वाढवावे. गरीब आणि सुस्थितीतल्या कुटुंबांच्या जमिनीच्या तुकड्यांत फारसा फरक ठेवलेला नाही, ही त्यातली सर्वांत धीट गोष्ट होय. आज तिथली अनेक मूळ घरे पाडून त्यांच्या जागी उंच घरे आली आहेत आणि काही लोक त्याला अपयश म्हणतात. मला ते तसे वाटत नाही. घर वाढवण्याचा हक्क दिला होता, लोकांनी तो वापरला. अंगणे मात्र बरीचशी टिकून आहेत.

बेलापूर ज्या नवी मुंबईत आहे, त्या शहराची कल्पनाही कोरिया यांच्याशी जोडलेली आहे. १९६४ च्या सुमारास वास्तुकार प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी असे मांडले, की उत्तरेकडे लांबत चाललेल्या मुंबईचा भार खाडीपलीकडे वळवावा. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि काही वर्षे ते तिथे मुख्य वास्तुकार होते. राज्य सरकारने आपला कारभार तिकडे हलवून शहराला गती द्यावी, ही या तिघांची मूळ अपेक्षा होती. मंत्रालय जागचे हलले नाही, आणि दक्षिण मुंबईत नरीमन पॉइंटला कचेऱ्यांचे मनोरे मात्र उठत राहिले. महाराष्ट्राच्या नगररचनेतली ही चूक आपण आजही रोज लोकलच्या गर्दीत भोगत आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे.

भोपाळचे भारत भवन, तलावाच्या दिशेने पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे. जयपूरचे जवाहर कला केंद्र, नवग्रहांच्या नऊ चौरसांचे. पुण्याचे आयुका, जयंत नारळीकरांच्या खगोलशास्त्र संस्थेसाठी काळ्या दगडात बांधलेले आणि आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइन्स्टाइन यांच्या पुतळ्यांमध्ये मोकळा चौक ठेवणारे. अगदी शेवटच्या वर्षांतले लिस्बनचे शांपालिमो संशोधन केंद्र. या सर्व ठिकाणी माणूस भिंतींपेक्षा मोकळ्या जागेभोवती फिरतो. १९८४ मध्ये त्यांना ब्रिटिश वास्तुविशारदांच्या रॉयल इन्स्टिट्यूटचे सुवर्णपदक मिळाले, २००६ मध्ये पद्मविभूषण मिळाले, आणि १६ जून २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. उत्तरकाळातल्या कामांत ब्रह्मांड, मंडले, कुंडे अशी प्रतीके वाढत गेली. ती सुंदर आहेत, पण ती कोणीतरी समजावून सांगावी लागतात. साबरमतीला पायांना जे कळते त्याला वाटाड्या लागत नाही, आणि म्हणून मी या पहिल्या कामाला वरचे स्थान देतो.

भेट द्यायची असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ आणि सकाळची वेळ निवडावी. आधी हृदयकुंज पाहावे, त्याची पडवी आणि छपराचा उतार नीट पाहून घ्यावा, आणि मग संग्रहालयात यावे. उलट क्रमाने पाहिल्यास कोरिया यांनी काय घेतले आणि काय बदलले ते कळत नाही. पहिली फेरी प्रदर्शन वाचण्यासाठी करावी आणि दुसरी फक्त इमारतीसाठी, तुळयांच्या पन्हळींकडे आणि खांबांच्या विटांकडे पाहत. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी पट्टी आणि वही जरूर आणावी, कारण सहा मीटरचे माप स्वतः मोजल्याशिवाय त्याची माणसाशी असलेली नाती उमगत नाहीत. जमल्यास त्याच दिवशी गिरणीमालक संघटनेची इमारत आणि लुई कान यांचे भारतीय व्यवस्थापन संस्थेचे आवार बाहेरून तरी पाहावे. एकाच शहरात तीन वेगळ्या स्वभावांची आधुनिकता इतक्या जवळजवळ क्वचितच पाहायला मिळते.

आश्रमाच्या परिसराच्या विस्ताराचा सुमारे १,२०० कोटी रुपयांचा प्रकल्प सध्या सुरू आहे आणि आवार सुमारे ५५ एकरांपर्यंत वाढणार आहे. वाढत्या गर्दीसाठी सोयी लागतील, हे मान्य आहे. पण त्या करताना नव्या बांधकामाची उंची, रस्त्यांची रुंदी आणि फरशीचा दगडही या संग्रहालयाच्या मापाने ठरवला जावा, आणि छपरांची कौले, झडपा व तुळया यांची दुरुस्ती मूळ रेखाटने समोर ठेवूनच व्हावी, अशी माझी मागणी आहे. कोरिया यांच्या कामाच्या जतनासाठी गोव्यात त्यांच्या नावाची संस्था कार्यरत आहे. तिच्यासारख्या जाणकारांचा सल्ला या कामात घेणे अवघड नाही.